मांजराचं पिल्लू घरभर धुमाकूळ घालतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन महिन्यांपासून साधारण वर्षभरापर्यंतच्या पिल्लांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. चढणं, ओरबाडणं, दबा धरून झडप घालणं हे पिल्लाच्या अंगातच असतं, ते कोणालाही काढून टाकता येत नाही. ते कुठे आणि कशावर करायचं, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. पुढची बहुतेक उत्तरं याच धोरणाने दिली आहेत.

आमचं पिल्लू दिवसातून दहा वेळा पडद्यावर चढतं. त्याला वाईट सवय लागली आहे का?

सवय म्हणण्यापेक्षा ही त्याची गरज आहे. मांजर शिकार करतं आणि त्याच वेळी मोठ्या प्राण्यांची शिकारही होऊ शकतं. म्हणून उंचावर बसून सगळीकडे नजर ठेवता आली की त्याला सुरक्षित वाटतं. सात-आठ आठवड्यांच्या सुमारास पायांत ताकद येते, तोल सावरता येऊ लागतो आणि मग दिसेल त्या उभ्या वस्तूवर प्रयोग सुरू होतात.

पिल्लाच्या नजरेने पाहिलं तर पडदा फारच सोयीचा आहे. कापडात नखं छान रुततात, वर उंची मिळते आणि शेजारी खिडकी असल्यामुळे बाहेरचे पक्षीही दिसतात. या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी दुसरी जागा घरात नसेल तर पिल्लू पडद्यावरच जाणार. त्यामुळे त्याच खिडकीपाशी चढायला भक्कम काहीतरी ठेवा. नवी जागा त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत काही आठवडे पडदे गोळा करून उंच बांधून ठेवा किंवा दांडीवरून वर टाका. पडद्याची दांडी नुसती दाबून बसवलेली असेल तर ती लगेच बदला, कारण पिल्लासकट ती खाली येते आणि त्याला लागतं.

पडद्याला लटकून ओरडत असेल तर खाली कसं उतरवायचं?

खेचू नका. मांजराची नखं आत आणि मागे वळलेली असतात. वर चढताना ती आपोआप रुततात, पण डोकं खाली करून उतरताना त्यांचा काहीच उपयोग होत नाही, म्हणून पिल्लू अडकतं. तुम्ही खाली ओढलंत तर नखं आणखी खोल जातात, पिल्लू घाबरून घट्ट धरतं आणि नख मुळापासून उपटलं जाण्याची भीती असते.

एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घाला. संपूर्ण वजन आपल्या हातांवर घ्या आणि पिल्लाला बोटभर वर ढकला. वर ढकलल्याबरोबर आकडा सैल होतो आणि बहुतेक नखं एकदम सुटतात. एखादं राहिलंच तर ताणलेला धागा पंज्याच्या दिशेने सरकवून सोडवा. हे करताना गप्प राहा. आरडाओरडा केलात तर पिल्लाला भीती बसते ती तुमच्या हातांची, पडद्याची नाही.

चढण्यासाठी नेमकं काय ठेवायचं? बाजारातला कॅट ट्री (मांजरांना चढायला-बसायला केलेला फळ्यांचा उंच खांब) घेतलाच पाहिजे का?

घेतलाच पाहिजे असं नाही. पण जे काही ठेवाल ते हलता कामा नये. पिल्लाने उडी मारली आणि ती वस्तू डुगडुगली, तर पुन्हा ते तिकडे फिरकत नाही. तयार कॅट ट्री घेणार असाल तर बूड जड आणि रुंद आहे ना ते बघा आणि वरचा भाग भिंतीला पट्टीने अडकवा. घरच्या घरी करायचं असेल तर भिंतीवर पायऱ्यांसारख्या फळ्या ठोका. लहान पिल्लासाठी दोन फळ्यांमध्ये सुमारे ३० सेंटिमीटरचं अंतर पुरतं. गुळगुळीत फळीवर पाय घसरतो, म्हणून वर जाड कापड किंवा गालिच्याचा तुकडा घट्ट बसवा. भिंतीला भोकं पाडता येत नसतील तर भिंतीला टेकवून पक्कं केलेलं कपाट, त्याच्याशेजारी टेबल आणि टेबलाजवळ स्टूल असा जिनाही चालतो.

जागेची निवड वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. अडगळीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेला कॅट ट्री धूळ खात पडतो, कारण पिल्लाला माणसं बसतात तिथे आणि खिडकीपाशी बसायचं असतं. घरात एकाहून जास्त मांजरं असतील तर चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट ठेवा, म्हणजे एक जण दुसऱ्याची कोंडी करत नाही.

सोफ्याचा कोपरा पार उसवून टाकला आहे. काय करू?

नखं ओरबाडण्यामागे तीन कारणं असतात. नखांवरचं जुनं कवच निघून आतलं धारदार नख बाहेर येतं, खांद्यापासून पाठीपर्यंत अंग ताणलं जातं, आणि पंज्यातल्या ग्रंथींमधून मांजर आपला वास तिथे सोडतं. ही खूण घरातल्या वर्दळीच्या जागी करण्यात मांजराला जास्त रस असतो. सोफाच का निवडला, याचं उत्तर इथेच आहे.

सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला अगदी खेटून ओरबाडायचा खांब ठेवा. खांब इतका उंच हवा की पूर्ण वाढलेलं मांजर मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पाय वर ताणू शकेल. म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर धरा. त्याच्यावर सिसलचा, म्हणजे घायपाताचा दोर घट्ट गुंडाळलेला असावा. काही पिल्लांना उभ्यापेक्षा आडवं ओरबाडायला आवडतं. तुमचं पिल्लू पायपुसणं किंवा गालिचा ओढत असेल तर त्याला नालीदार पुठ्ठ्याचं सपाट पॅड जास्त आवडेल. झोपेतून उठल्याबरोबर पिल्लू अंग ताणतं, म्हणून झोपायच्या जागेजवळही एक ठेवा.

सोफ्याच्या कोपऱ्यावर काही दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा किंवा गुळगुळीत चादर घट्ट खोचा. पिल्लू खांबावर नीट रुळलं की टेप काढा आणि खांब हलवायचाच असेल तर रोज चार बोटं इतकाच सरकवा. एकदम उचलून दुसऱ्या खोलीत नेलात तर पिल्लू सोफ्याकडे परत जाईल.

पिल्लाचे पंजे धरून खांबावर घासायला जाऊ नका. त्याला धरून ठेवलेलं आवडत नाही आणि तो खांबच नकोसा होतो. त्याऐवजी खांबावर दोरीचं खेळणं फिरवा, ते पकडायला ते आपणहून नखं रोवेल. कॅटनिप (जिच्या वासाने मांजरं उत्तेजित होतात अशी वनस्पती) शिंपडण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण अगदी लहान पिल्लांवर त्याचा परिणाम होत नाही. तीन ते सहा महिन्यांनंतर तो दिसू लागतो आणि मोठेपणीही प्रत्येक मांजरावर होतोच असं नाही, कारण ते आनुवंशिक आहे.

नखं कापावीत का? कायमची काढून टाकता येतात असं ऐकलं.

कापावीत, दर दोन-तीन आठवड्यांनी. टोकं बोथट झाली की पडदे, सोफा आणि तुमच्या मांड्या तिघांनाही आराम पडतो. पिल्लू पेंगुळलेलं असताना मांडीवर घ्या. पंज्याखालच्या गादीवर एका बोटाने आणि वरून अंगठ्याने हलकं दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात धरलंत की नखाच्या मुळाशी गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतो, तिथे कात्री लागता कामा नये. पुढचं पांढरं, पारदर्शक, आकड्यासारखं वळलेलं टोक तेवढं कापा. पुढच्या प्रत्येक पंज्याला पाच आणि मागच्या प्रत्येकाला चार अशी एकूण १८ नखं असतात. सगळी एकाच बैठकीत संपवायची घाई करू नका. आज दोन, उद्या तीन, आणि प्रत्येक वेळी खाऊचा एक तुकडा. पहिले काही दिवस तर कात्री न घेता नुसते पंजे दाबून सोडून द्या. पंज्याला हात लावू देणारं मांजर आयुष्यभर सांभाळायला सोपं जातं.

कायमची नखं काढण्याच्या शस्त्रक्रियेत नखाबरोबर बोटाचं शेवटचं हाडही कापलं जातं. त्यानंतर चालताना वेदना होणं, शौचाच्या ट्रेमध्ये न जाणं, नखं नसल्यामुळे चावायला लागणं असे त्रास मागे लागू शकतात. अनेक देशांत यावर बंदी आहे. हा पर्याय डोक्यातूनच काढून टाका.

हातापायांना चावतं, घोट्यांवर झडप घालतं. रागीट आहे का?

बहुतेक वेळा हा खेळच असतो. भावंडांबरोबर वाढताना पिल्लू जोरात चावलं की समोरचं पिल्लू ओरडून खेळ थांबवतं आणि त्यातून किती जोर लावायचा हे कळतं. आईपासून फार लवकर दुरावलेल्या पिल्लांना हा धडा मिळालेला नसतो, तो तुम्हाला द्यावा लागतो.

पहिली अट अशी की हात हे खेळणं नाही, आणि ही अट घरातल्या सगळ्यांनी पाळायची. एक जण पांघरुणाखाली बोटं हलवून खेळवतो आणि दुसरा चावलं म्हणून रागावतो, असं चाललं तर पिल्लाला काहीच उमगत नाही. चावलं की हात झटकू नका, कारण पळणारी वस्तू म्हणजे त्याच्यासाठी भक्ष्य. हात सैल सोडून निश्चल राहा, पकड ढिली झाली की उठा आणि मिनिटभर दुर्लक्ष करा. मग काठीला बांधलेलं खेळणं समोर धरा. घोट्यांवर दबा धरून बसायच्या जागा ठरलेल्या असतात. तिथून जाताना पुढे एक चेंडू टाका, पिल्लू त्याच्या मागे धावेल.

साडेतीन ते सहा महिन्यांच्या काळात चावणं वाढतं, कारण दुधाचे २६ दात पडून कायमचे ३० येत असतात. चघळायला मऊ खेळणं द्या. कान आडवे पडणं, शेपटी जोरात आपटणं, पाठीवरची कातडी थरथरणं ही मात्र पुरे झाल्याची खूण आहे. ती दिसली की कुरवाळणं थांबवा.

रोज किती वेळ खेळवायचं? आम्ही खेळणी भरपूर आणली आहेत, पण ते बघतही नाही.

जमिनीवर नुसतं पडलेलं खेळणं म्हणजे मेलेली शिकार. त्यात जीव तुम्ही ओतायचा. शिकारीचा एक क्रम असतो: टक लावून बघणं, दबकत पुढे सरकणं, धाव, झडप, पकडून चावणं आणि मग खाणं. हा क्रम पूर्ण झाला तरच पिल्लाची रग जिरते.

म्हणून काठीच्या टोकाचं पीस पिल्लाच्या तोंडासमोर नाचवू नका. ते त्याच्यापासून दूर पळवा, उशीआड लपवा, थांबवा, टोक तेवढं थरथरवा. पिल्लू मागचा भाग हलवत नेम धरायला लागलं की समजा, तुमचं जमलं. दर दोन-तीन प्रयत्नांनंतर त्याला पकडू द्या, दातांनी धरून मागच्या पायांनी लाथा मारू द्या. शेवटी वेग हळूहळू कमी करा आणि लगेच जेवण द्या. खाल्लं की ते अंग चाटतं आणि झोपतं. असे दहा-पंधरा मिनिटांचे तीन-चार डाव दिवसभरात पुरतात. तासभर सलग खेळवण्याने एवढा उपयोग होत नाही, पिल्लं लवकर दमतात.

लेझरच्या ठिपक्यामागे पिल्लू वेडं होऊन धावतं, पण हाती काहीच लागत नाही आणि काही मांजरं पुढे सावल्यांच्याही मागे लागतात. वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर नेऊन थांबवा आणि डोळ्यांवर कधीच पडू देऊ नका. सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवू नका. दोन-तीन ठेवा, बाकीची कपाटात, आणि दर काही दिवसांनी आलटून पालटून काढा.

पहाटे चारला अंगावर उड्या मारतं. झोपेचं खोबरं झालं आहे.

मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असतात. दिवसभर घर रिकामं असलं तर पिल्लू तेव्हा झोप काढतं आणि सगळी ताकद रात्रीसाठी उरते. संध्याकाळी एक डाव खेळा, झोपण्याआधी दुसरा, आणि दिवसाचं शेवटचं जेवण या दुसऱ्या डावानंतरच द्या. सहा महिन्यांपर्यंत पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतंच, तेव्हा त्यातलं एक रात्रीसाठी राखून ठेवणं अवघड नाही.

पहाटे त्याने उठवलं म्हणून उठून खायला घातलंत, तर उद्या ते त्याच वेळी येणार. दुर्लक्ष करायला लागलात की सुरुवातीला ओरडणं वाढतं. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण हार मानतात आणि पिल्लू शिकतं की जास्त ओरडलं की मिळतं. ठरवलंत तर घरातल्या सगळ्यांनी मिळून नेटाने पाळा.

ओट्यावर चढणं कसं थांबवायचं?

ओट्यावर खाण्याचा वास असतो, उंची असते आणि तुम्हीही तिथेच असता. तिन्ही कारणांवर काम करावं लागतं. काम झालं की अन्न झाकून ओटा पुसून घ्या. तुम्ही स्वयंपाक करताना पिल्लाला बसून बघता येईल असं एक उंच स्टूल शेगडीपासून लांब ठेवा, त्यावर बसलं की खाऊ द्या. ओट्यावर गेलं तर न बोलता उचलून स्टुलावर ठेवा. तुम्ही घरात नसताना ओट्याच्या कडेला काही दिवस अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरून ठेवता येते. तिचा स्पर्श आणि आवाज बऱ्याच पिल्लांना आवडत नाही, काहींना मात्र तो खेळच वाटतो. संत्र्या-लिंबाच्या वासाने मांजरं दूर राहतात म्हणून त्यांची सुगंधी तेलं मात्र लावू नका, ती मांजरांना विषारी ठरू शकतात.

शेगडी विझवल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तोवर स्वयंपाकघराचं दार बंद ठेवणं सर्वांत चांगलं.

पाण्याची पिचकारी मारावी का? एक चापट दिली तर?

दोन्ही नको. पिल्लाला शिक्षेचा संबंध आपल्या कृतीशी जोडता येत नाही, तो ते तुमच्याशी जोडतं. मग तुम्ही समोर असताना ते चढत नाही आणि पाठ वळली की चढतं. वर हात पुढे केला की पळायला लागतं. मानगुटीला धरून उचलणंही टाळा. आई तसं उचलते ते पिल्लू अगदी तान्हं असताना.

टेबलावरच्या वस्तू एकेक करून खाली ढकलतं.

पंज्याने ढोसून वस्तू हलते का, हे ते तपासत असतं. त्यात तुम्ही धावत आलात की दुप्पट मजा. फुटणाऱ्या वस्तू वर्षभर कपाटात ठेवा, बाकीच्यांकडे बघू नका आणि ते शांत बसलेलं असताना आवर्जून लक्ष द्या.

कुंड्या उकरतं, पानं कुरतडतं.

मातीवर मोठे गोटे पसरून ठेवले की उकरणं थांबतं. कुंडीतच घाण करत असेल तर आधी त्याचा ट्रे स्वच्छ आहे का ते बघा. पानं चघळायला वेगळ्या भांड्यात गव्हाचे कोंब लावून द्या.

झाडांच्या बाबतीत मात्र हयगय करू नका. लिलीचे खरे प्रकार आणि डे-लिली मांजरांसाठी प्राणघातक आहेत. पान, फूल, फुलदाणीतलं पाणी, एवढंच काय, अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सायकस, म्हणजे सागो पामही तसाच विषारी. पिल्लाच्या घरात ही झाडं ठेवूच नका आणि भेट आलेल्या पुष्पगुच्छातही बघून घ्या.

वायरी आणि दोरे चघळतं. खरंच धोका आहे का?

फार मोठा. वायरी नळीत घाला, लोंबणारे चार्जर काढून ठेवा. शॉक बसला तर तोंड भाजतं आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं, म्हणून पिल्लू वरून ठीक दिसलं तरी डॉक्टरांकडे न्या.

दोरा, रिबीन, केसांचं रबर, सुई-दोरा कायम ड्रॉवरमध्ये. खेळून झाल्यावर काठीचं खेळणंही. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला जमत नाही. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, बाकीचा पुढे सरकत राहतो आणि आतडं चुणीसारखं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. तो तसाच ठेवून ताबडतोब दवाखाना गाठा.

मांजर नेहमी पायांवर पडतं ना? मग गॅलरीला जाळी कशाला?

हवेत अंग वळवून पायांवर येण्याची क्षमता सहा-सात आठवड्यांपर्यंत पूर्ण येते, पण पायांवर पडणं म्हणजे न लागणं नव्हे. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी १९८७ साली प्रसिद्ध केल्या. बहुतेक वाचली, पण छातीला मार, जबड्याला आणि टाळूला इजा, मोडलेले पाय असे प्रकार भरपूर होते. शिवाय ही उपचारासाठी आणलेली मांजरं होती, जागीच गेलेली या हिशेबात नाहीत. पक्ष्याच्या मागे झेपावणारं पिल्लू कठड्याचा विचार करत नाही. जाळी आधी बसवा, मगच पिल्लाला गॅलरीत सोडा. डासांची पातळ जाळी नखांनी फाटते, धातूची किंवा मजबूत दोऱ्याची जाळी हवी.

कामावर जाताना कुठे ठेवायचं?

चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत एका सुरक्षित खोलीत: ट्रे, पाणी, चढायची जागा, ओरबाडायचा खांब आणि आतून खाऊ काढावा लागेल असं एखादं खेळणं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून आत खाऊ टाकलात तरी पुरतं. निघण्याआधी कपाटं आणि ड्रॉवर उघडून बघा. वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी तर दर वेळी आत हात घालून पाहा, पिल्लं उबदार कपड्यांत जाऊन झोपतात.

सोबतीला दुसरं पिल्लू आणलं तर खोड्या कमी होतील का?

साधारण त्याच वयाचं असेल तर बऱ्याचदा होतात, कारण कुस्ती खेळायला तुमच्या घोट्यांऐवजी जोडीदार मिळतो. पण खर्च, ट्रे, लसीकरण सगळं वाढतं, हे धरून निर्णय घ्या. घरात म्हातारं मांजर आहे आणि त्याला सोबत म्हणून पिल्लू आणायचं आहे, तर मात्र दहादा विचार करा. त्याला शांतता हवी असते आणि पिल्लाला कुस्ती.

नसबंदीने शांत होईल का? हे सगळं किती दिवस?

नसबंदीने बाहेर पळण्याची धडपड, लघवीचे फवारे आणि बोक्यांची मारामारी कमी होते. खेळकरपणा तसाच राहतो. भाटी, म्हणजे मादी मांजर, चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, म्हणून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा. धांदल सहसा वर्षभरानंतर ओसरू लागते आणि दोन वर्षांचं झालं की मांजर बरंच निवांत होतं. चढणं आणि ओरबाडणं आयुष्यभर चालू राहतं, त्यामुळे आज नीट बसवलेला खांब वाया जात नाही.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

मस्तीखोर पिल्लू अचानक मलूल झालं, खाणं सोडलं, वारंवार उलट्या करू लागलं, लंगडू लागलं किंवा तोंड उघडून धापा टाकू लागलं तर वाट पाहू नका. कापड, लोकर, प्लास्टिक नुसतं चघळण्याऐवजी गिळत असेल तर तेही दाखवा. पडून लागलं म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलचा लहानसा डोसही मांजराचा जीव घेऊ शकतो.